जिनं टॉवेलची घडी घातली ती आपली

आषाढ सरत आला की सोलापुरात पाऊस येतो असं म्हणण्यापेक्षा ढग येतात म्हणावं. येतात, दुपारभर गावावर बसून राहतात आणि संध्याकाळी न बरसताच दुसऱ्या कुणाच्या तरी शेतावर निघून जातात. अंगाला कपडे चिकटतात, मिठाला पाणी सुटतं, दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट लागतो. अशाच एका दुपारी परवा माहेरी गेले, तर टीव्हीवर निळंशार पाणी. कुठल्याशा देशात पोहण्याच्या स्पर्धा चालल्या होत्या. नान्ना, म्हणजे माझे वडील, टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसलेले. ओळीनं उभ्या राहिलेल्या पोहणाऱ्या मुलींकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते त्या मुलींच्या मागच्या खुर्च्या बघत होते.

"औंदा ती आली न्हाय वाटतं," माझी चाहूल लागताच ते म्हणाले.

"कोण?"

"ती गं. घडीवाली."

घडीवाली कोण ते मला ठाऊक आहे. तिचं नाव मात्र ठाऊक नाही. चांगलं लांबलचक होतं, वाचेपर्यंत पडद्यावरून गेलं. देश कुठल्यातरी समुद्रातल्या बेटांचा. मोबाईलवर शोधलं तर मिळेलही, पण मी शोधत नाही. जिनं आपल्याला कधी पाहिलं नाही अशा एखादीचे आपल्यावर उपकार असावेत आणि तिचा पत्ता आपल्याला माहीत नसावा, हे मला बरं वाटतं.

आमच्या घरात परदेशी खेळाडूंची बाजू घ्यायची एक रीत आहे. ती आधी सांगते. नान्नांचं आयुष्य टॉवेल विणण्यात गेलं. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या मागांवर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्यासारख्या तेलुगू विणकरांत यात सांगण्यासारखं काही नाही. गल्लीत घरोघरी मागच्या बाजूला माग खडखडतच असतात. पण त्यामुळे नान्ना जगातला कुठलाही खेळ बघायला बसले की त्यांची नजर टॉवेलवर जाते. कोण जिंकतंय, कोण कुठल्या देशाचा, हे नंतर. खेळाडूनं तोंड पुसून टॉवेल कसा ठेवला, हे आधी.

मी शाळेत असताना एकदा टेनिसचा सामना लागला होता. त्यातला एक नावाजलेला गडी घाम पुसायचा आणि मागे न बघता टॉवेल भिरकावून द्यायचा. दोन-तीनदा नान्नांनी सहन केलं. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो हरू दे. ह्याला हरायलाच पायजे." तेव्हापासून आमच्या घरात कितीतरी जगज्जेते टॉवेलपायी बाद झाले. उलट, पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळणारे, नावही कुणी ऐकलं नाही असे, पण टॉवेल नीट खांद्यावर टाकणारे, काठ जुळवून ठेवणारे, निदान फेकायच्या आधी क्षणभर थांबणारे देशोदेशीचे लोक आमचे झाले. अम्मा म्हणायची, "पोरीला स्थळ बघताना पण तुमी टॉवेलच बघणार."

आणि तसंच झालं. महेश टेंभुर्णीचा, मराठी घरातला. आमचं लग्न आमचं आम्हीच ठरवलेलं, त्यामुळे तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळे जरा अवघडून बसले होते. जेवायच्या आधी त्यानं हात धुतले, अम्मानं त्याला कोरा टॉवेल दिला. हात पुसून त्यानं तो दोरीवर दोन्ही काठ जुळवून वाळत घातला. जेवताना नान्नांनी स्वतः उठून त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढली. आपल्या नोकरीकडे बघून होकार मिळाला असं महेशला आजही वाटतं, आणि मीही त्याला तसं वाटू देते.

तर घडीवाली दिसली तो आषाढ. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. मला पहिल्यापासूनच आराम सांगितलेला, म्हणून जरा लवकरच आले होते. तरी चिन्नी दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मली. एवढीशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. मग वजन धरलं, दूध ओढायला लागली, आता घरी न्या म्हणाले. आणि निघायच्या दिवशी तिच्या कानांची तपासणी झाली. एका बाईंनी तिच्या कानात इवलीशी नळी घातली, यंत्राकडे बघितलं, नळी काढून पुन्हा घातली, पुन्हा बघितलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. डॉक्टरांनी समजावलं, की यंत्रानं हो म्हटलं नाही म्हणजे नाही म्हटलं असं नसतं. एवढ्या लहान बाळाच्या कानात कधीकधी पाणी असतं, थोडे दिवस जाऊ देत, पुन्हा बघू. आणि जाता जाता म्हणाले, "घरी ताटं वाजवून बघत बसू नका. त्यातून काही कळत नाही, उगीच जीवाला घोर."

घोर तर लागलाच. घरी आल्यावर मी कानात कापूस घालून वरून घट्ट फडकं बांधून बसले, कारण बाळंतिणीच्या कानात वारं जाऊ नये. नान्नांचे दोन्ही कान आयुष्यभर मागांच्या खडखडाटात राहून अर्धेमुर्धे गेलेले. आणि पाळण्यात चिन्नी. तीन पिढ्या एका छपराखाली, आणि भरवशाचे कान एकट्या अम्माचे.

नान्नांनी मनाला काय लावून घेतलं होतं ते लवकरच कळलं. ते पाळण्यापासून लांब उभे राहून बघायचे आणि शेडमध्ये निघून जायचे. संध्याकाळी माग बंद केले की घरात न थांबता चौकातल्या कट्ट्यावर जाऊन बसायचे, आणि रात्री शेडमध्येच खाट टाकून झोपायचे. अम्मानं एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "माझंच कान लागलं पोरीला."

मी चिडले. "नान्ना, तुमचे कान मागानं गेलेत. मागानं गेलेले कान काय वारशात मिळतात?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघत सगळं समजून घेतलं, मान डोलावली आणि पुन्हा तेच म्हणाले. मी तशीही त्या दिवसांत सगळ्यांवर चिडत होते. शेक द्यायला येणाऱ्या बाईवर, डिंकाच्या लाडवांवर, फोन करून "आमच्याकडं एकाचं असंच झालं होतं" म्हणणाऱ्या नातेवाइकांवर. चिन्नी तिन्हीसांजेला हटकून रडायला लागायची, तेव्हा अम्मा मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची. मी तिच्यावरही चिडायचे. पण नान्नांवर चिडून उपयोग नव्हता, ते स्वतःवरच रुसले होते.

आमचं घर जात्याच मोठ्यानं बोलणारं. मागांच्या वर आवाज चढवल्याशिवाय ताटात मीठसुद्धा मागून मिळत नाही. त्या दिवसांत मात्र आम्ही सगळे कुजबुजायला लागलो. कुणी तसं ठरवलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, बाळाची झोपमोड होऊ नये म्हणून जपतात. खरं कारण उलटं होतं. एखादं भांडं दणकन पडलं, कुणी जोरात हाक मारली आणि ती दचकली नाही, तर? मग कळलंच असतं. ते कळू नये म्हणून अम्मा डब्याचं झाकणसुद्धा दोन्ही हातांनी धरून लावायची. माग दिवसभर चालू असत, ते बंद ठेवून भागणार नव्हतं. पण तो आवाज आम्ही आवाजात धरतच नव्हतो.

त्यातच टीव्हीवर त्या जगभरच्या स्पर्धा लागल्या. दुपारी नान्ना जेवायला आले की टीव्ही लावायचे, आवाज पूर्ण बंद करून. मी पाळण्याची दोरी हातात धरून भिंतीला टेकून बसायचे. पोहणं आमच्या घरात आधी कधी कुणी पाहिलं नव्हतं. सोलापूरच्या माणसाला एवढं पाणी एका जागी बघायची सवय नाही. अम्मा पहिल्या दिवशी म्हणालीच, "आपल्याकडं नळाची वाट बघून डोळं दुखतेत, आन् ह्यांची मजा बघ." नान्नांना मात्र ते बघता बघता आवडलं. त्यातही लांब पल्ल्याच्या शर्यती. पोहणारी या टोकाला येते, भिंतीला पाय मारते, त्या टोकाला जाते, परत येते. "धोटा!" ते बोट दाखवून म्हणायचे. मागावर धोटा असाच उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत असतो, आणि त्याच्या फेऱ्यांनीच टॉवेल तयार होतो.

ओरडायची सोय नव्हती, म्हणून आम्ही मागाच्या खुणांनी ओरडायचो. शेडमधल्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही, तिथला सगळा कारभार खुणांचा आणि ओठांचा. नान्नांच्या शेडमध्ये दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला, मूठ गोल फिरवली की चालू ठेव, अंगठा ओठाला लावला की चहा आला. मग टीव्हीपुढे नान्ना मूठ गरगरा फिरवायचे, चालू ठेव, चालू ठेव. आणि मागे पडणाऱ्या कुणा परक्या पोरीला अम्मा स्वयंपाकघराच्या दारातून अंगठा ओठाला लावून दाखवायची, की बाई, जरा चहा घे. मला हसू आवरायचं नाही. आवाज न करता हसायचं म्हणजे टाके दुखायचे.

आज वाटतं, ते परक्या देशांचे खेळाडू होते म्हणून आम्ही तगलो. आपला माणूस मैदानात असला की आपलं काहीतरी पणाला लागतं. तो हरला की जेवण जात नाही, कुणामुळे हरलो यावर शेजारीपाजारी भांडणं होतात. परक्याचं तसं नाही. त्याला आपण निवडतो, आणि निवडायला टॉवेलसुद्धा पुरतो. तो जिंकला तर आपल्याला काही मिळत नाही, हरला तर आपलं काही जात नाही. तेवढा वेळ फक्त आपला जीव दुसऱ्याजवळ असतो. माझं जे काही होतं ते सगळं त्या पाळण्यात पणाला लागलेलं. दुपारी थोडा वेळ का होईना, जीव दुसऱ्या कुणाला तरी लावता येत होता, याची केवढी सुटका वाटायची हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई असून काय बोलते म्हणाले असते.

घडीवाली त्यातल्याच एका दुपारची. महेश रजा काढून टेंभुर्णीहून आला होता. आमच्या कुजबुजण्यामागचं खरं कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कसं? तो येऊन पाळण्यात डोकावला, चिन्नी झोपली होती, मग नान्नांच्या बाजूला बसला. लांब पल्ल्याची पहिली फेरी होती. पोहणाऱ्या मुली एकेक करून आल्या, कपडे टोपलीत टाकले, टॉवेल कुठल्या कुठे भिरकावले. सगळ्यात शेवटच्या पट्ट्यात एक सावळीशी, आडव्या बांध्याची मुलगी होती. तिनं खांद्यावरचा टॉवेल काढला, हनुवटीखाली धरून दोन्ही काठ जुळवले, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि घडीवरून एकदा हात फिरवला. मग उडी मारायला पुढे गेली.

नान्ना ताठ झाले. "ही आपली."

"मामा, ती पार कडेच्या पट्ट्यात हाय," महेश म्हणाला. "कच्चं लिंबू असणार."

"असू दे की."

कच्चं लिंबूच होती. थोड्याच वेळात बाकीच्या पुढे निघून गेल्या. पंधरा-वीस मिनिटांनी त्या पोहोचल्यासुद्धा, टोप्या काढून दोरीला लटकून धापा टाकायला लागल्या. आमची अजून पाण्यातच होती. एवढ्या मोठ्या तलावात एकटी. हात जड झालेले दिसत होते, मधेच मान वर निघत होती. पुढच्या फेरीचा प्रश्नच नव्हता, आता ती काठाला लागते की नाही एवढंच राहिलं होतं. नान्नांची मूठ थांबता थांबत नव्हती. अम्मा दारातून पुढे येऊन उभी राहिली होती. शेवटच्या वळणाला मुलीनं भिंतीला पाय मारला आणि निघताना ती जरा थबकल्यासारखी वाटली.

"अगं हाण की पोरी!" महेश ओरडला. तो कबड्डी खेळलेला माणूस, त्याचा आवाज चौकापर्यंत जातो. "हाण! थांबू नगंस!"

आणि नान्नाही भान विसरले. खुर्चीतून उठून दोन्ही हात वर करून तेलुगूत ओरडले, "रा तल्ली! रा, रा!" ये गं माये, ये. इतक्या दिवसांचा कोंडलेला आवाज सगळा एकदम निघाला.

दुसऱ्या क्षणी आम्ही सगळे पाळण्याकडे बघत होतो.

चिन्नी झोपली होती. तोंड किंचित उघडं, मूठ कानाशी. पापणीसुद्धा हलली नव्हती. अम्मानं पदर तोंडाला लावला. महेशला आमच्या चेहऱ्यांवरून हळूहळू उलगडत गेलं, आणि तो पाळण्याकडे बघत "मला काय म्हाईत..." एवढंच म्हणाला. नान्ना खाली बसले. टीव्हीवर ती मुलगी अजून पाणी कापत होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली.

टीव्ही काळा झाला. शेडमधले माग थांबले, शेजारचे थांबले, पलीकडच्या गल्लीतले थांबले. आणि पाळण्यातून कुरकुर ऐकू आली. मग एक हुंदका. मग चिन्नीनं तोंड वासून रडायला सुरुवात केली. महेश उचलायला धावला, तर अम्मानं त्याचा दंडच धरला. "थांबा! जरा थांबा, महेशराव." तिचे डोळे मोठे झाले होते. "माग थांबला की गं! माग थांबला म्हणून उठली ती. तू पण अशीच होतीस, माग चालू असला की मेल्यागत झोपायचीस, थांबला की भोकाड. समदी मागाच्या घरची लेकरं अशीच. रोज तिन्हीसांजेला माग थांबतेत आन् ही रडती, आन् मी येडी मीठमोहऱ्या ओवाळत बसले!"

मला विश्वास ठेवायची भीती वाटत होती. भूक लागली असेल, म्हटलं. पंखा बंद पडला म्हणून उठली असेल; पण पाळण्यावर पंखा अम्मानं कधी लावूच दिला नव्हता. मी दोरी घट्ट धरून नुसती बघत राहिले. थोड्या वेळानं लाईट आली. शेडमधल्या गड्यानं एकेक माग चालू केला, आणि जसजसा खडखडाट भरत गेला तसतसं चिन्नीचं रडणं उतरत गेलं. एक अर्धवट हुंदका तोंडातच ठेवून ती झोपून गेली.

नान्नांनी तिचे मिटलेले ओठ पाहिले आणि ते मागच्या दारानं शेडमध्ये गेले. लाईट असताना, भर दुपारी, आमचे माग बंद झाले. ते बघून शेजारच्यांनीही काय झालं म्हणून आपले बंद केले. चिन्नी उठली. माग चालू झाले, चिन्नी झोपली. पुन्हा बंद, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा माग चालू व्हायला लागले तशी अम्मा मागच्या दारात जाऊन कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा आपल्या खऱ्या आवाजात ओरडली, "पुरे की आता! पोरीला छळताय का?" आणि ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही.

काही दिवसांनी दवाखान्यात पुन्हा तपासणी झाली. यंत्रानं दोन्ही कानांना हो म्हटलं. मागांचं सांगितल्यावर डॉक्टर हसले आणि म्हणाले, ते सगळं खरं असेल, पण मी माझ्या यंत्रावरच सही करणार. करा, म्हटलं. लाईट गेली त्या दुपारी टीव्ही पुन्हा लागला तेव्हा दुसऱ्याच मुली ओळीनं उभ्या होत्या. घडीवाली काठाला लागली की नाही, ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. मोबाईल सगळ्यांच्या हाताशी होते, तरी कुणाला बघायचं सुचलं नाही. नान्नांच्या मते ती पोहोचली.

पण त्या दुपारचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते याच्या आधीचं. अम्मा ओरडली तेव्हा नान्नांनी माग पुन्हा बंद करायला लावले आणि ते घरात आले. गल्ली चिडीचूप होती. चिन्नी बेंबीच्या देठापासून रडत होती. इतके दिवस त्यांनी तिचं रडणं नुसतं बघितलेलं. दवाखान्यात काचेच्या बाहेरून, घरी खडखडाटात लांबून, आणि संध्याकाळी तर ते घरात थांबायचेच नाहीत. त्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आवाज तो केवढा. ते पाळण्याशी आले, दोन्ही हात कडेवर टेकवून वाकले, आणि त्यातल्या त्यात बरा असलेला उजवा कान त्यांनी तिच्या तोंडाजवळ नेला. तसेच वाकून राहिले. महेश काही बोलणार होता, मी हातानं थांबवलं. मग नान्नांनी मान वर केली. त्यांचे गाल ओले झाले होते.

"हिचा आवाज असा हाय व्हय?" ते मला म्हणाले. "मला आज ऐकू आला."